अंगणातला लोखंडी नांगर

गेल्या वैशाखात आमच्या गावच्या घरी भंगारवाला आला होता. गोठ्याच्या मागे दोन वस्तू कित्येक वर्षे पडून आहेत. एक जुना लोखंडी नांगर आणि दुसरे हाताने फिरवायचे कडबा कापण्याचे यंत्र. आमच्याकडे त्याला नुसते ‘कुट्टी’ म्हणतात. भंगारवाल्याने दोन्ही पायानेच हलवून पाहिले आणि किलोचा भाव सांगितला.

मुलगा म्हणाला, “आई, देऊन टाकूया. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, विजेची कुट्टी आहेच. हे कशाला जागा अडवायला?”

खरे सांगते, मलाही पटले होते. तेवढ्यात अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, काठी टेकत बाहेर आल्या. वय चौऱ्याऐंशी, पण आवाज खणखणीत.

“हात लावू नको रे त्येला. त्यो नांगर घरात आला तवा माझ्या आजेसासूबाईंनी तीन दिवस अन्न घेतलं न्हवतं.”

भंगारवाला हसला आणि निघून गेला. मी मात्र अडकले. लग्न होऊन या घरात आले त्याला तीस वर्षे झाली, पण ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. एका नांगरासाठी घरातली मोठी बाई उपवास का करील? त्या प्रश्नामागे लागून जे समजले ते आज तुम्हाला सांगते.

अक्कांच्या म्हणण्याप्रमाणे उपवासाची कारणे दोन. पहिले म्हणजे सगळे गाव म्हणत होते की लोखंडी नांगराने जमिनीत विष पसरते, काळी आई नासते. दुसरे कारण घरचे. लाकडी नांगर वीतभर जमीन उकरतो, हा खोल जाऊन माती पालथी करतो. मग मातीतल्या जिवांचे काय?

पहिले कारण आधी घेऊ. हा समज फक्त आमच्या गावात नव्हता. लोखंडी नांगराचा आपल्याकडचा इतिहासच या समजापासून सुरू होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले. तिथे बढतीच्या वेळी डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले. लोकांना सायकल विकायची आणि चालवायलाही शिकवायची, असे ते दुकान होते. हे ‘विकायचे आणि शिकवायचेही’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शेतकऱ्यासाठी त्यांनी सुरुवातीला ज्या वस्तू केल्या त्यात दोन मुख्य होत्या. एक कडबा कापण्याचे यंत्र आणि दुसरा लोखंडी नांगर. आमच्या गोठ्यामागे पडलेल्या याच दोन वस्तू! हे वाचले तेव्हा मी उठून मागच्या दारी जाऊन पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहून आले.

त्यांचा पहिला लोखंडी नांगर 1903 चा. तो तयार झाला, पण घ्यायला कोणी तयार होईना. लोखंडाने जमीन विषारी होते, हीच समजूत आडवी आली. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

आता एक गंमत पाहा. आपल्या जुन्या लाकडी नांगराचे सगळे अंग बाभळीचे असले तरी त्याचा फाळ लोखंडाचाच असे. जमिनीत जे टोक शिरायचे ते शेकडो वर्षे लोखंडाचेच होते. मग त्या लोखंडाचे विष कसे झाले नाही?

मी हे अक्कांना विचारले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, फाळ आपल्या लोहाराचा असायचा न्हवं!”

मला वाटते सगळे उत्तर यातच आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार हळस बदलून द्यायचा, रुमणे बसवून द्यायचा. फाळ बोथट झाला तर लोहार भट्टीत घालून ठोकून द्यायचा. सुगीला त्यांचे बलुते खळ्यावरच मिळायचे. रोख पैसा लागत नसे. हा नवा नांगर मात्र कुठल्यातरी कारखान्यातून आलेला. त्याचा वळणदार पत्रा, त्याचे बोल्ट, त्याचा ओतीव फाळ, यातले गावात कोणाला काय कळणार? ऐन नांगरटीत तो मोडला तर वर्ष हातचे गेले. ही भीती अडाणीपणाची नव्हती, हिशेबाची होती. फक्त ती ‘विष’ या शब्दात बोलली गेली. आपल्या आज्या-पणज्यांच्या अशा कितीतरी बोलण्यांना आपण अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो आणि त्यामागचा हिशेब बघायचा राहून जातो.

मग हा नांगर घरोघरी गेला कसा?

बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांच्या मदतीला आले. त्यांच्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर पडीक माळ आणि 10,000 रुपयांचे कर्ज मिळाले. निवडुंग आणि नाग यांनी भरलेल्या त्या माळावर 1910 साली कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळाले. कुंडलच्या झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथांच्या दर्शनाला आपल्यातले कितीतरी जण याच स्टेशनवर उतरतात. मीही उतरले आहे. या माळावर काय घडले ते मात्र तेव्हा मला माहीत नव्हते.

तिथे कामाला आलेली माणसे काही मोठ्या पदव्या घेऊन आलेली नव्हती. अनंतराव फळणीकर हे तर शाळा अर्धवट सोडलेले गृहस्थ, पण त्यांच्या डोक्यातून आणि हातातून यंत्रे उतरत. एक मजेशीर गोष्ट म्हणजे याच नांगराच्या वाडीतून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि 1930 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांतल्या किती बायका त्या मासिकातून लिहित्या-वाचत्या झाल्या!

पण कारखान्यात नांगर तयार होणे आणि शेतकऱ्याने तो जमिनीत घालणे यात फार मोठे अंतर होते. ते अंतर चालून जाणाऱ्या माणसांत एक माणूस आपल्या कुंभोजचा होता. भाऊराव पाटील. पुढचे कर्मवीर.

1887 साली कुंभोजला एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या पायथ्याचे ते गाव आपल्याला काही नवे नाही. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्याआधी ते किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते, हे फार जणांना ठाऊक नसते. पुढे साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्यासाठीही त्यांनी हेच काम केले.

नांगर विकायचा म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर जायचे. धिप्पाड अंगाचा, शेतकऱ्याच्याच घरात वाढलेला, त्यांचीच बोली बोलणारा हा माणूस गावोगाव फिरला. दुकानात बसून विकता येण्यासारखी ही वस्तू नव्हती. दावण किती ताणायची, फाळ किती खोल लावायचा, वळणावर नांगर कसा उचलायचा, हे शेतातच दाखवावे लागते. हरळी आणि कुंदा माजलेल्या काळ्या रानात लाकडी नांगर नुसता वरवर ओरखडतो. लोखंडी नांगर मुळ्या उपटून उताण्या टाकतो आणि वैशाखाच्या उन्हात त्या वाळून जातात. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर विषाची गोष्ट आपोआप मागे पडत असणार.

या फिरतीत भाऊरावांनी दुसरेही काही पाहिले. शेतकरी कष्टाळू आहे, बुद्धीने कमी नाही, पण कागद वाचता येत नाही म्हणून जागोजागी नाडला जातो. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ‘कमवा आणि शिका’ हा त्या संस्थेचा कणा. हाताने कष्ट करायचे आणि त्याच हाताने पाटी धरायची. नांगर शिकवत फिरलेल्या माणसाला शिक्षणही असेच सुचावे यात मला काही नवल वाटत नाही.

आमच्याकडे तोफांचीही एक गोष्ट सांगतात. पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड आटले आणि नांगरांचे काम अडले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या. अक्कांचा तर ठाम विश्वास आहे की आमचा नांगर तोफेचाच आहे. मी वाद घालत नाही. माणसे मारायला ओतलेले लोखंड धान्य पिकवायला यावे, ही गोष्ट कोणत्याही श्रावकाच्या घरात प्रेमानेच सांगितली जाणार.

आता आजेसासूबाईंच्या उपवासाचे दुसरे कारण. ते मात्र इतके सहज मिटत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातले आपण बरेचसे जैन शेतकरी. बाहेरच्या लोकांना याचे आश्चर्य वाटते. “जैन आणि नांगर धरतात?” असे मला पुण्यात कितीदा तरी विचारले गेले आहे. मी त्यांना आदिनाथ भगवंतांची गोष्ट सांगते. कल्पवृक्ष आटले तेव्हा त्यांनी प्रजेला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात हे आले आहे. शेती आणि हस्तकौशल्य दोन्ही त्या सहांत आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी या चार हिंसांपैकी गृहस्थाने जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा सोडायची. उद्योगी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, ती कमीत कमी व्हावी म्हणून जपायचे.

हे सगळे खरे. पण नांगरामागून बगळे आणि साळुंक्या चालतात त्या उगाच नाही. मातीबरोबर जे वर येते ते टिपायलाच त्या येतात. आजेसासूबाईंनी हे पाहिले होते. त्यांच्याजवळ शास्त्राचे उत्तर होते, तरी त्यांना अन्न गेले नाही. मला त्यांचा हा उपवास म्हणजे नांगराला विरोध वाटत नाही. रान हरळीने गेले होते, घरात खाणारी तोंडे होती. नांगर येणार हे त्यांना कळत होते. पण जे घडणार आहे ते कुणीतरी मोजून घेतले पाहिजे, एवढेच त्या तीन दिवसांत त्यांनी केले.

आणि त्यानंतर घरात काही नियम झाले. अष्टमी-चतुर्दशीला बैलांच्या मानेवर जू नाही. खोल नांगरट माती कोरडी असताना, पावसाच्या आधीच उरकायची. पावसाळ्यात माती जिवांनी भरते, तेव्हा हा नांगर गोठ्यात. संध्याकाळी आलोचनेला घरातले सगळे बसायचे, नांगर धरणाराही. हे नियम अक्कांच्या लग्नानंतरही पाळले जात होते. ट्रॅक्टर आल्यावर ते कधी सुटले ते कोणाच्याच लक्षात नाही. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेल त्या दिवशी येतो, त्याला अष्टमी कोण सांगणार?

जुने सगळे सोन्यासारखे होते असे मात्र मी म्हणणार नाही. मोटेचेच घ्या. बैल धावेवरून उतरत जाऊन मोट ओढायचे आणि पुन्हा उलट्या पावलांनी वर यायचे, तांबडे फुटल्यापासून ऊन चढेपर्यंत. अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, पोरवयात मोट हाकली होती. ते म्हणायचे, बैलाच्या डोळ्यांत बघवत नसे. शिवाय मोट चामड्याची. श्रावकाचारात चामड्यातले पाणी वर्ज्य, म्हणून ते रानाला जायचे. घरचे पाणी तांब्याच्या कळशीने वेगळे शेंदायचे, गाळून घ्यायचे आणि गाळण्यातले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे. हे सगळे बायकांच्या हातचे काम. विहिरीवर इंजिन बसले तेव्हा मोटेसाठी कोणी रडले नाही, अक्का तर मुळीच नाही.

पण ते इंजिनही हाताशिवाय चालत नव्हते. हँडल मारून ते सुरू करायचे. अण्णा शिकाऊ पोरांना आधी एकच गोष्ट सांगायचे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा आवळायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटले पाहिजे, अंगठा मोडता कामा नये. हे कुठल्या पुस्तकात वाचून नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते.

आता कुट्टीकडे येते. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर सांगली-कोल्हापूरची माणसे विसरणार नाहीत. आमचे घर गावात उंचावर, म्हणून पाहुण्या-शेजाऱ्यांची जनावरे आमच्या अंगणात आणून बांधली होती. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. विजेची कुट्टी बंद. वाळका कडबा आणि उसाचे वाडे तसेच टाकले तर जनावर अर्धे तुडवते आणि वाया घालवते. वैरण तर मोजकीच होती. तेव्हा अण्णांची ही जुनी कुट्टी ओढून बाहेर काढली. चाक गच्च झालेले, पाती गंजलेली. फिरवली तर कडबा कापण्याऐवजी चेंगरून बाहेर यायचा.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या लोहारकाकांना बोलावले. त्यांची भट्टी बंद होऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा एमआयडीसीत जातो. ते चिखलातून आले. पाती सोडवली, घासली, पुन्हा बसवली. पाते आणि तोंडाची पट्टी यांत अंतर किती हवे ते त्यांनी नुसत्या नखाने चाचपून ठरवले. खोबरेल तेल मागून घेतले आणि चाकाला सोडले. अर्ध्या तासात कुट्टी चालू झाली. पुढचे पाच दिवस आम्ही सगळे आळीपाळीने चाक फिरवत होतो. मीही.

कडबा घालण्याआधी अक्का प्रत्येक पेंढी दोनदा झटकायला लावायच्या. पुरामुळे पाली, उंदीर, किडे सगळे कोरड्या जागेला आले होते. पेंढी झटकली की काही ना काही पळायचे. हाताच्या चाकाला थांबता येते, आम्ही थांबायचो. विजेच्या यंत्रासमोर आपण पेंढी झटकू शकत नाही असे नाही, पण झटकत नाही. त्याचा वेगच आपल्याला घाईला लावतो. यत्नाचार हा शब्द मी प्रवचनात शंभरदा ऐकला असेल. त्याचा अर्थ मला त्या कुट्टीपाशी कळला.

पूर ओसरला, वीज आली आणि कुट्टी पुन्हा गोठ्यामागे गेली. पाच वर्षांत तिच्यावर पुन्हा गंज चढला. आणि गेल्या वैशाखात मी ती भंगारात द्यायला निघाले होते! माणूस किती लवकर विसरतो.

भंगारवाला गेला त्या रात्री मी मुलाला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “बरं, ठेवूया. पण नुसतं ठेवून काय उपयोग? पुढच्या वेळी पाती कोण लावणार?”

त्याचा प्रश्न बरोबर होता. नांगर घरात आला तो एकटा आला नव्हता. तो धरायला शिकवणारा कोणीतरी बांधापर्यंत आला, म्हणून तो रुजला. ज्या दिवशी घरात आणि गावात तो हात उरत नाही त्या दिवशी वस्तू भंगार होते. गंज नंतर चढतो.

लोहारकाका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे जाऊन विचारले. आधी हसले, म्हणाले, “आता ह्ये शिकून काय करनार?” मग म्हणाले, “येऊ दे रविवारी.” मुलगा चार रविवार गेला. एका रविवारी बोट कापून घेऊन आला. अक्कांनी हळद लावली आणि म्हणाल्या, “आता शिकलास.” पाती धार लावून बसवली आहेत. महिन्यातून एकदा, वीज असली तरी, आम्ही एक वेळची वैरण हातानेच कापतो, म्हणजे चाक गच्च होणार नाही आणि हातही विसरणार नाहीत.

नांगर आता परत शेतात जाणार नाही. बैलजोडीच राहिली नाही. पण तो धुऊन, तेल लावून अंगणात तुळशीच्या पलीकडे ठेवला आहे. आणि एक गोष्ट ठरवली आहे. यंदा ट्रॅक्टरवाल्याला आधीच तारीख सांगायची, अष्टमी-चतुर्दशी सोडून आणि पावसाच्या आधी. तो कुरकुरेल, चालेल.

तुमच्या गावच्या घरी गोठ्यामागे, माडीवर काय पडले आहे ते या सुट्टीत जरूर पाहा. आणि ते कसे चालते हे सांगणारे कोणी घरात असेल, तर आधी त्यांच्यापाशी जाऊन बसा.

जय जिनेंद्र.